बर्थ निवडला, दार पाहिलंत का?

दिवाळीचं तिकीट काढलंत? पुण्यात शिकणाऱ्या नागपूर-यवतमाळ-अमरावतीच्या मुलामुलींना हे वेगळं विचारायची गरज नाही. सुट्टी जाहीर व्हायच्या आधीच ॲपवर स्लीपर कोचचे बर्थ बघून झालेले असतात. वरचा की खालचा, सिंगल की डबल, चार्जिंग पॉइंट चालतो का, एसी गार आहे का, सगळं रिव्ह्यू वाचून ठरतं. एकच गोष्ट आपण बघत नाही. रात्री दीड वाजता बसचं दार उघडलंच नाही, तर बाहेर कुठून पडायचं?

दीडची वेळ उगाच लिहिलेली नाही. १ जुलै २०२३ ला साधारण त्याच सुमारास नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. ३३ पैकी २५ जण गेले. बस दाराच्याच बाजूवर पडली होती. म्हणजे रोज चढा-उतरायचं दार जमिनीकडे दबलेलं. वाचले त्यांच्यातले काही जण खिडकीची काच फोडून बाहेर आले. त्याआधी ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे यवतमाळहून मुंबईला चाललेली बस नाशिकमध्ये मालवाहू वाहनाला धडकून पेटली होती. त्यात १२ जणांचा जीव गेला.

बस कोण चालवतंय, टायर कसे आहेत, हे आपल्या हातात नाही. पण आग लागल्यावर मिळणारी मोजकी मिनिटं अंधारात वाट शोधण्यात घालवायची नसतील, तर वाट आधीच माहीत हवी.

विमानात सांगतात, बसमध्ये का नाही?

प्रत्येक विमान उडण्याआधी इमर्जन्सी दारं कुठे आहेत ते हात करून दाखवतात. आपल्या एसटीतही 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' असं लिहिलेलं असतं. लहानपणापासून ते वाचतोय, पण तो उघडायचा कसा हे कितीजणांना माहितीये? रात्रभर चालणाऱ्या बसमध्ये शेवटचा पिकअप झाला की एक मिनिटाची सूचना द्यायला पैसे लागत नाहीत. सोय ठेवणं आणि ती चालू ठेवणं हे बसमालकाचं काम, तपासणं आरटीओचं. पण विचारायचं काम प्रवाशाचंच आहे.

हेडफोन लावण्याआधी

दोन मिनिटं पुरतात.

• इमर्जन्सी दार किंवा खिडकी शोधा. ती बहुधा नेहमीच्या दाराच्या समोरच्या बाजूला किंवा मागे असते. तिथपर्यंत किती बर्थ आहेत ते मोजा. धुरात दिसत नाही, तेव्हा हाताने चाचपत मोजता येतं.
• काच फोडायची हातोडी जागेवर आहे का बघा. नसेल तर तिथल्या तिथे विचारा. बाजूच्या खिडकीची काच मध्यभागी नाही, कोपऱ्यात ठोकायची.
• मधल्या वाटेत बॅगा, गाद्या, पार्सल असेल तर हलवायला सांगा.
• शूज आणि फोन हाताशी ठेवा.

धूर दिसला तर वाकून, खाली राहून सरका. धूर आधी वर साठतो, म्हणून वरच्या बर्थवरच्यांनी लगेच खाली यायचं. लॅपटॉपची बॅग शोधत बसू नका. बाहेर पडल्यावर रस्त्यावर थांबू नका. बसपासून लांब, कठड्याच्या पलीकडे जा. मागून येणारा ट्रक तुम्हाला बघेलच असं नाही.

आयव्हीची बस ठरवताना

कॉलेजच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला किंवा ट्रिपला बस ठरवणारे आपल्यातलेच असतात. पैसे कमी करून घेतो, म्युझिक सिस्टिमही विचारतो. त्याच फोनवर गाडीचा नंबर मागा आणि एमपरिवहन ॲपवर फिटनेस आणि विम्याची मुदत बघा. निघायच्या दिवशी इमर्जन्सी दार एकदा उघडून दाखवायला सांगा. अग्निशामक सिलिंडरची तारीख वाचा. रात्रीचा लांबचा प्रवास असेल तर दुसरा ड्रायव्हर आहे का, हेही विचारा. दार उघडत नसेल तर दुसरी गाडी मागायची. अर्धा तास उशीर झाला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही.

सेव्ह करून ठेवा

११२: पोलीस, आग, कुठलीही इमर्जन्सी
१०८: ॲम्ब्युलन्स

फोन केल्यावर आधी जागा सांगा: रस्त्याचं नाव, किलोमीटरचा दगड, गाडी कुठल्या दिशेने जात होती. लाइव्ह लोकेशन बस सुटतानाच घरी पाठवून ठेवा. आणि दुसऱ्या गाडीचा अपघात दिसला, तर 'पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार' म्हणून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने जखमींना मदत करणाऱ्याला कायदेशीर संरक्षण दिलंय.

हॅपी जर्नी. आणि हो, बर्थ मोजायला विसरू नका.