‘किती वेळा?’ हा प्रश्न चुकीचा आहे

मंडळी, कळंब असो की परंडा, ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात आपण सगळ्यांनी भिंतीवर वाचलेली असते. तिथे जाणाऱ्या माणसाला नेमकं काय होतंय, ते आज समजून घेऊ.

एक जण म्हणतो, ‘धातू जातो, अंगात ताकद राहिली नाही.’ या तक्रारीला १९६० साली डॉ. विग यांनी ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं. वीर्य गेल्यानं ताकद जात नसते. थकवा येतो तो बहुधा भीतीतून, उदासीतून. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’मधून असल्या समजुतींशी भांडत होते. त्यापायी खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

दुसऱ्याची गोष्ट वेगळी. त्याला थांबायचंय, पण थांबता येत नाही. रात्र मोबाईलवर जाते, काम बुडतं, पैसा जातो, घरात बोलणं तुटतं. त्यातलं सुखही संपलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत याची नोंद केली आहे. हे सहसा सहा महिने किंवा जास्त चाललेलं हवं आणि त्यानं आयुष्याची घडी विस्कटलेली हवी. नुसतं ‘मी पापी आहे’ असं वाटणं म्हणजे हा आजार नव्हे. इच्छा जास्त असणं हाही आजार नव्हे. आणि निदान झालं म्हणून दुसऱ्यावर केलेली जबरदस्ती माफ होत नाही.

उपचाराला येणाऱ्या पुरुषांत याच्या जोडीला उदासी, चिंता, दारू वारंवार दिसते. एकटेपणा आला की घटकाभर सुटका, मग लाज, लाजेतून पुन्हा एकटेपणा. हे चक्र शिव्या-शपथांनी तुटत नाही. समुपदेशनात ते कुठून सुरू होतं ते शोधतात, गरज पडली तर औषधंही देतात.

म्हणून आम्ही ‘किती वेळा?’ असं विचारत नाही. ‘थांबवता येतं का? आणि त्याआधी मनात काय असतं?’ असं विचारतो.

धाराशिवला सरकारी रुग्णालयात मानसोपचार मिळतो. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. २०१७ च्या कायद्यानं रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर उद्यावर टाकू नका. भिंतीवरच्या नंबराआधी हा नंबर लावा.