वृक्कविकारातील वाढलेले फॉस्फेट : आहार, औषधकाल आणि आपली जबाबदारी

जीर्ण वृक्कविकाराचे अनेक रुग्ण डायलिसिस चालू असतानाही आपल्या चिकित्सालयात येतात. त्यांचे क्रिएटिनिन आपण आवर्जून पाहतो. फॉस्फेटकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. रक्तातील त्याचे स्वाभाविक प्रमाण १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्यास कंडू, अस्थिदौर्बल्य व रक्तवाहिन्यांच्या भित्तींत कॅल्शियम साचणे हे परिणाम संभवतात. यांपैकी शेवटचा हृदयास घातक ठरतो.

हिशेब सोपा आहे. आहारातून रोज सुमारे १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात जातो व त्यातील साधारणतः ६०० शोषला जातो. म्हणजे आठवड्यास ४२००. चार तासांचे एक डायलिसिस सुमारे ८०० काढते. ते आठवड्यातून तीनदा झाले तरी २४०० च निघतात. उरलेला भार आहाराने व औषधानेच हलका करावा लागतो.

आहारातील सर्व फॉस्फरस सारखा नसतो. डाळी व धान्ये यांतील फॉस्फरस बव्हंशी फायटेटच्या रूपात असल्याने कमी शोषला जातो. दूध व मांस यांतील अधिक. आणि कोला, प्रक्रिया केलेले चीज, डबाबंद मांस यांत मिसळलेली फॉस्फेट लवणे जवळजवळ पूर्णपणे शोषली जातात. म्हणून रुग्णाचे वरण-भाकरी तोडण्यापूर्वी वेष्टनातील पदार्थ बंद करावेत. प्रथिने सरसकट घटविल्यास डायलिसिसवरील रुग्ण क्षीण होतो.

औषधांत कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम अॅसिटेट, सेव्हेलॅमर इत्यादी द्रव्ये अन्नातील फॉस्फेट आतड्यातच बांधतात. त्यांचा काल सान्न, म्हणजे भोजनासोबतच होय. रिकाम्या पोटी घेतल्यास हेतू साधत नाही; कॅल्शियमयुक्त गोळ्यांतील कॅल्शियम मात्र रक्तात जाते.

येथे आपला विषय येतो. शंख, कपर्दिक व कुक्कुटाण्डत्वक् भस्म आणि प्रवाळपिष्टी ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटच होत. तथापि त्यांस या गोळ्यांचा पर्याय समजू नये. भस्माची नेहमीची मात्रा काहीशे मिलिग्रॅम, तर गोळ्यांची दिवसाची मात्रा कित्येक ग्रॅम असू शकते. उलट, आधीच अशा गोळ्या घेणाऱ्यास भस्मे जोडल्यास कॅल्शियमचा भार वाढतो. कॅल्शियमयुक्त बंधकांची मात्रा मर्यादित ठेवावी, असे २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतही सुचविले आहे. अस्थिजन्य भस्मांत तर कॅल्शियम फॉस्फेटच असते. ती या रुग्णास देऊच नयेत. यवक्षारातील पोटॅशियमही तितकेच धोक्याचे.

औषधविक्रेत्या बंधूंनीही दक्ष राहावे. गुडघेदुखीसाठी मागितले जाणारे कॅल्शियम फॉस्फेटयुक्त टॉनिक किंवा मलावरोधासाठी फॉस्फेटचा एनिमा वृक्करोग्याच्या हाती देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : "मूत्रपिंडाचा काही त्रास आहे का?"

वैद्यवर्गास आमची विनंती एवढीच की, अशा रुग्णाचे फॉस्फेट, कॅल्शियम व पोटॅशियम यांचे अहवाल पाहिल्याविना एकही भस्म वा क्षार लिहू नये. चालू गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आणि आपली औषधयोजना त्याच्या वृक्कतज्ज्ञास लेखी कळवावी. यात आपल्या शास्त्रास कोणताही उणेपणा नाही. रुग्णाचे हित मात्र निश्चित आहे.