रमजानची जकात आणि जूनचे वीजबिल

तरावीहची नमाज संपली की मशिदीबाहेर पावती पुस्तके घेतलेली माणसे दिसू लागतात. कोणी मदरशासाठी आलेला, कोणी दवाखान्यासाठी, कोणी गरीब मुलींच्या फीसाठी. गोंदियातही दर रमजानला हे चित्र असते. देणाऱ्या हातांचीही कमी नसते. प्रश्न एवढाच, की या एका महिन्यात आलेला पैसा उरलेले अकरा महिने संस्थेला पुरतो का?

आधी जकात समजून घेऊ. गरजा भागवून साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी शिल्लक ज्याच्याकडे चांद्र वर्षभर राहते, त्याने अडीच टक्के हिस्सा काढायचा. चार लाखांवर दहा हजार रुपये. ही मेहेरबानी नव्हे, तो गरिबाचा हक्क आहे. कुरआनच्या सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत. त्यांत गरीब, कर्जात बुडालेला, वाटसरू आहे, तसा जकात गोळा करण्याचे काम करणाराही आहे. सेवेचे काम करणाऱ्यालाही पोट असते, हे तिथे मान्य केलेले आहे.

आपण मात्र ते विसरतो. 'माझा पैसा पगारावर जाऊ नये' असे देणारा हमखास सांगतो. शिवाय आपल्याकडच्या बहुतेक उलेमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीची व्हावी लागते. ती इमारतीला किंवा वीजबिलाला चालत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका छोट्या अभ्यासिकेत रमजानमध्ये मुलांच्या फीची सोय झाली, पण जूनमध्ये वीजबिल थकले आणि तिथे बसणाऱ्या ताईंचा पगार राहिला. फी भरलेली मुले आली, तर दाराला कुलूप! या खर्चासाठी सदका आणि इमदाद आहे. ऐच्छिक सदका तर धर्म न विचारता कोणाच्याही कामी देता येतो.

हे दुखणे फक्त आमचे नाही. अन्नदानाला, मंडपाला, संगमरवरी पाटीला देणगीदार मिळतो. झाडूवाल्या मावशींच्या पगाराला मिळत नाही, हे माझे हिंदू, जैन, शीख मित्रही सांगतात.

आपल्याच गावाचे उदाहरण घ्या. स्वतःला फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली. १९७० मध्ये ते गेले, संस्था राहिली. एका माणसाच्या तळमळीने संस्था सुरू होते. टिकते ती मात्र रोजच्या व्यवस्थेने आणि हिशेबाने.

हिशेब हाच विश्वासाचा पाया. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब ठेवावे लागतात, धर्मादाय कार्यालयाला उत्तर द्यावे लागते. वर्गणी गोळा करणाऱ्या गणेश मंडळालाही तिथली परवानगी लागते. '८०जी' म्हणून सर्वांना ठाऊक असलेली करसवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही. म्हणजे कायदाही सांगतो : बँकेतून द्या, पावती घ्या.

मग आपण काय करावे? पावती फाडण्याआधी नोंदणी क्रमांक विचारावा. मागच्या वर्षीचा ताळेबंद मागावा. मागण्यात अपमान नाही. जकातीचे पैसे असतील तर तसे स्पष्ट सांगावे, संस्थेनेही ते वेगळे ठेवावेत. आणि जमत असेल तर ईदनंतर दर महिन्याला शंभर-दोनशे रुपये 'कशालाही वापरा' म्हणून द्यावेत. वर्षातून एकदा आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला येणारी छोटी रक्कम संस्थेला जास्त आधार देते, कारण तिच्या भरवशावर पगार ठरवता येतो.

ईदचा चाँद दिसला की पावती पुस्तके मिटतात. अभ्यासिकेतला दिवा जूनमध्येही जळत राहिला, तरच आपले देणे पुरे झाले म्हणायचे.