सिग्नलला मी दिसतच नाही!

पहाटेचे साडेपाच. सॅन होजेजवळच्या एका चौकात मी बाइकवर उभा. ऑफिससाठी डावीकडे वळायचंय, पण माझा बाण लाल. समोरच्यांना हिरवा मिळाला, आडव्या रस्त्याला मिळाला, पुन्हा समोरच्यांना... माझा नंबर चक्क गाळला!

पुण्यात वाढलेला प्राणी मी. रिकाम्या चौकात थांबलेल्याकडे आपण कीवेनं बघतो. पण इथे लाल तोडला तर जवळपास ५०० डॉलरचा फटका, आणि अंधारात समोरून सुसाट येणारी एखादी गाडी हिशोबात नसली तर विषयच संपला. तिसऱ्या फेरीत मागे एक पिकअप येऊन थांबली आणि बाण लगेच हिरवा! बॉस, असा अपमान आरटीओतही झाला नव्हता.

भानगड रस्त्याखाली आहे. डांबरात खाच पाडून तारेचं वेटोळं पुरलेलं असतं, त्यातून करंट खेळत असतो. वर धातू आला की त्यात भोवरे-प्रवाह तयार होतात, वेटोळ्याचं इंडक्टन्स घटतं आणि कंट्रोलरला कळतं, कुणीतरी आलंय. वजनाचा काही संबंध नाही. बाइकचा धातू कमी आणि उंच, त्यामुळे सेटिंग बोथट असेल तर आपण अदृश्य. सेटिंग फार तीव्र केलं, तर शेजारच्या लेनमधला ट्रकही मोजला जातो.

इंजिनाखाली लावायचं लोहचुंबक मिळतं. घेतलं मी. शून्य उपयोग! तारेला चुंबक नको, वाहक धातू हवा.

कॅलिफोर्नियाने २००७ मध्ये कायदा केला की नवे किंवा बदललेले सेन्सर बाइक आणि सायकलही ओळखणारे हवेत. जुने तसेच राहिले. विस्कॉन्सिनमध्ये बाइकवाला ४५ सेकंद थांबून, सेन्सरने ओळखलंच नाही असं वाटलं, तर इतरांना वाट देऊन लाल ओलांडू शकतो. इथे ती सोय नाही.

मग जुगाड? वेटोळ्याच्या मधोमध थांबायचं नाही. डांबरातली कापलेली रेघ शोधायची आणि दोन्ही चाकं बरोब्बर तिच्यावर ठेवायची. दुसऱ्याच दिवशी बाण हिरवा झाला, मी हेल्मेटमध्ये ओरडलो!

गेल्या महिन्यात मात्र त्या चौकात नवं डांबर पडलं. वेटोळं खाली असेलही, रेघ गायब. सध्या मी उजवीकडे वळतो आणि पुढच्या चौकातून यू-टर्न मारून येतो. चार मिनिटं जास्त लागतात.