मोपाचे पठार आणि अर्जातील मौन

झाकली मूठ सव्वा लाखाची, अशी मराठीत म्हण आहे. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी ती खरी ठरत असेल. परंतु खाण, धरण, महामार्ग किंवा विमानतळ उभारू पाहणाऱ्याने पर्यावरणीय मंजुरीचा अर्ज भरताना ती विसरलेलीच बरी. तेथे झाकलेली मूठ कधी ना कधी न्यायालयासमोर उघडावी लागते, आणि तोवर यंत्रे माळावर निश्चल उभी राहतात व कर्जाचे व्याज मात्र चढत जाते.

मोठ्या प्रकल्पाचा हवा, पाणी, वने व माणसे यांवर काय परिणाम होईल, याचा आगाऊ विचार करण्याचे बंधन भारतात २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने आले. तिची जागा पुढे १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. तिची योजना थोडक्यात अशी : प्रथम प्रकल्पकर्त्याने विहित नमुन्यात जागेची व कामाची माहिती द्यावयाची, तीवरून अभ्यासात कोणकोणते प्रश्न यावेत हे तज्ज्ञांच्या समितीने ठरवावयाचे, मग अहवालाचा मसुदा लोकांपुढे ठेवून सुनावणी घ्यावयाची, आणि शेवटी समितीने सर्व तोलून शिफारस करावयाची. पहिल्या पायरीवर एखादी गोष्ट वगळली, की पुढच्या सर्व पायऱ्या तिच्यावाचूनच चढल्या जातात. कायद्याचा धोका उत्पन्न होतो तो येथे.

गोव्यातील पेडणे तालुक्यात मोपा येथे झालेल्या विमानतळाचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. कोकणपट्टीतील जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. पण पावसाचे पाणी त्यांतच मुरते व पायथ्याच्या झऱ्यांवाटे गावाला मिळते. अशा पठारावरील या प्रकल्पाला केंद्र सरकारने २८ ऑक्टोबर २०१५ रोजी मंजुरी दिली. तिला आव्हान मिळाले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१८ साली काही जादा अटी घालून ती कायम ठेवली. परंतु २९ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. जागा राज्याच्या सीमेलगत असूनही पलीकडच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील संवेदनशील प्रदेशांचा यथायोग्य निर्देश मूळ अर्जात नव्हता. वने व वृक्षतोड यांविषयीची माहितीही अपुरी होती. समितीने आपल्या शिफारशीची कारणे नीट नोंदविली नव्हती, हाही दोष दाखविला गेला. विमानतळ हवा की नको, असा तो प्रश्न नव्हता. निर्णय ज्या वाटेने झाला ती वाट सरळ होती की नाही, एवढाच होता.

समितीने प्रकरण पुन्हा तपासले, नव्या अटी सुचविल्या, आणि १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठविली. अटींच्या पालनावर देखरेख करण्याचे काम नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेकडे सोपविले. डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे जी माहिती आरंभी दिली असती तर चार अटी अधिक लागल्या असत्या, तिच्यासाठी साडेनऊ महिने खर्ची पडले, आणि अटी तर लागल्याच.

यावरून सुज्ञ प्रकल्पकर्त्याने काय घ्यावे? पहिली गोष्ट, सत्यकथन. खोटी अगर दिशाभूल करणारी माहिती हेतुपुरस्सर दिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो, व दिलेली मंजुरीही रद्द होऊ शकते, असे अधिसूचनाच सांगते. म्हणून नकाशावर वर्तुळ काढताना ते तालुक्याच्या किंवा राज्याच्या हद्दीपाशी थांबवू नये. झऱ्यांना व पाखरांना हद्द ठाऊक नसते.

दुसरी गोष्ट, जनसुनावणी. तिची निदान ३० दिवसांची पूर्वसूचना व स्थानिक भाषेतील सारांश ही केवळ औपचारिकता नव्हे. एखादी वृद्धा उठून आपल्या विहिरीची गोष्ट सांगते, तेव्हा ती तज्ज्ञाच्या नजरेतून सुटलेली माहिती फुकट देत असते. तिच्या आक्षेपाला अंतिम अहवालात ठराविक साच्याचे उत्तर देणे म्हणजे पुढील दाव्यास आयताच मुद्दा पुरविणे होय.

तिसरी गोष्ट, काळाची. मंजुरीविरुद्ध हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. पुरेसे कारण असल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात. मंजुरीची वार्ता वृत्तपत्रांतून नीट प्रसिद्ध केली नाही, तर ही मुदत सुरू केव्हा झाली यावरच वाद माजतो. आणि मंजुरी हाती आली म्हणजे सारे संपले असेही नाही. अटींच्या पालनाचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबर रोजी, सादर करावा लागतो.

या साऱ्या दक्षतेला खर्च येतो, हे खरे. पण सड्याखालचा झरा एकदा आटला म्हणजे कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाने तो पुन्हा वाहू लागत नाही. कायद्याने अर्जदाराला आधी बोलावयास लावले आहे, ते याचसाठी.