वस्तीतला मिशनचा माणूस

'मिशन' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यांना नवा नाही. नगर जिल्ह्यातली मिशनची शाळा आणि तिथला मिशनचा मास्तर, मिरजेला डॉ. वानलेस यांनी १८९४ साली उभा केलेला मिशनचा दवाखाना, केडगावचे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन ही नावे तुम्ही ऐकलेली आहेत. या साऱ्यांना एक ठिकाण आहे. कुंपण आहे, फाटक आहे, फाटकावर पाटी आहे. गरजू माणूस तिथे चालत जातो. पण मुंबईच्या उपनगरात, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या बाजूच्या झोपडवस्त्यांत काम करणाऱ्या मिशनच्या माणसाला असे फाटक नसते. तो स्वतःच वस्तीत चालत जातो. सकाळपासून रात्रीपर्यंत तो करतो तरी काय, आणि ते करताना त्याच्यापुढे कोणता पेच उभा राहतो, हे आज थोडे समजून घेऊ.

आधी थोडा इतिहास. अमेरिकेतले पहिले मिशनरी, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, मुंबई बंदरात उतरले ते १८१३ साली. त्यांच्या कामातून पुढे 'अमेरिकन मराठी मिशन' वाढले. शाळा, छापखाना, 'ज्ञानोदय'सारखे पत्र ही त्याची जुनी कामे. शंभराहून अधिक वर्षांनी, १९२५ साली, याच मिशनचा एक तरुण कार्यकर्ता मुंबईला आला. त्याचे नाव क्लिफर्ड मॅनशार्ट. शिकागोच्या विद्यापीठात शिकलेला हा माणूस भायखळ्याजवळच्या नागपाड्यात राहिला. हिंदू, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती असे नाना धर्मांचे लोक तिथे दाटीवाटीने राहत. मॅनशार्ट यांनी तिथे 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केले. शब्दशः सांगायचे तर शेजारघर! तिथे दवाखाना होता, वाचनालय होते, खेळांची सोय होती, प्रौढांचे वर्ग होते आणि नागरिकांच्या प्रश्नांवर व्याख्याने होत.

या शेजारघराची कल्पना पश्चिमेकडून आली होती. लंडनच्या गरीब भागात १८८४ साली टॉयन्बी हॉल निघाला. शिकागोत १८८९ साली जेन ॲडम्स यांनी हल हाउस काढले. दोन्हींचे मूळ तत्त्व साधे आहे. गरिबाला दुरून दान करू नका, त्याच्या शेजारी जाऊन राहा. त्याच्या नळाला पाणी किती वेळ येते, त्याच्या गल्लीत दिवा आहे की नाही, हे तुम्हाला अहवाल न वाचता कळले पाहिजे. आपल्याकडे शेजारधर्म हा शब्द आहेच. फरक एवढाच की इथे शेजारधर्म हा दिवसभराचा व्यवसाय झाला.

आता उपनगराकडे वळू. एके काळी मुंबईचा गरीब म्हणजे परळ-लालबागच्या चाळीतला गिरणी कामगार. पुढे कारखाने अंधेरी-मरोळकडे आणि घाटकोपर ते मुलुंडच्या पट्ट्यात वाढले, आणि त्यांच्यामागे माणसे गेली. टेकडीचा उतार, नाल्याचा काठ, रेल्वेच्या कडेची जागा, जिथे मिळेल तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख भरली आणि तिच्यातली ४० टक्क्यांहून अधिक माणसे झोपडपट्टीत राहणारी निघाली. ही माणसे कोण? तुमच्याच तालुक्यातून दुष्काळात उठून गेलेली, शिवाय उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आलेली.

आणि मिशनचा माणूस कोण? पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब उभा राहतो. ते चित्र आता सोडून द्या. आज वस्तीत दिसणारी सिस्टर केरळची, मंगळूरची, वसईची किंवा छोटा नागपूरची असते. कार्यकर्ता नगर-जालन्याकडचा, घरात मराठी बोलणारा असतो. काही ठिकाणी कामाला पगारी ताई असतात, त्या हिंदू किंवा मुसलमानही असतात आणि बहुधा त्याच वस्तीत राहणाऱ्या असतात.

अशा कार्यकर्त्याचा दिवस पाण्याच्या वेळेवर बेतलेला असतो. नळाला पाणी ठराविक वेळच येते. त्या वेळी कुणाच्या दारात जाऊन गोष्टी सांगू लागलात तर बाई तोंडदेखले हसेल आणि मनातून चिडेल. म्हणून सकाळची वेळ लहान मुलांची. आई-बाप कामावर गेले की तीन ते सहा वर्षांची मुले बालवाडीत येतात. तिथे गाणी होतात, खाऊ होतो, हात धुणे होते. तुम्ही शिक्षक आहात. तुम्हाला सांगायला नको की पहिलीत न टिकणारे मूल पुष्कळदा बालवाडी न मिळालेले मूल असते. बालवाडीचा दुसराही फायदा आहे. धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहिलेली थोरली बहीण त्यामुळे शाळेत जाऊ शकते.

दुपारी घरभेटी. बायका स्वयंपाक उरकून जरा टेकलेल्या असतात. काही जणी घरी बसून मण्यांच्या माळा ओवत असतात, कुणी पापड लाटत असते. कार्यकर्ती तिथे बसते आणि बोलता बोलता चार गोष्टी पाहून घेते. बाळाला लस दिली का? घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे का? कुणाच्या अंगावर चट्टा आहे का?

हा चट्टा म्हणजे काय ते सांगतो, कारण खेड्यातही तो तितकाच महत्त्वाचा आहे. त्वचेवर फिकट किंवा लालसर डाग आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, आणि डोळे मिटून तिथे कापसाने हलकेच स्पर्श केला तर कळत नाही. असा डाग दिसला तर कुष्ठरोगाची शंका घ्यावी आणि दवाखाना गाठावा. कुष्ठरोग हा पापाचा भोग नव्हे, जंतूंचा रोग आहे. तो जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ साली शोधला. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली आणि आज हा रोग सहा महिन्यांत किंवा वर्षभरात बरा होतो. औषधही फुकट मिळते. अडचण औषधाची नाही, लाजेची आहे. डाग दिसला की माणूस तो लपवतो. मग हाताच्या नसा बधिर होतात, बोटे वाकतात, आणि जे सहज टळले असते ते व्यंग कायमचे होते. कार्यकर्तीचे खरे काम गोळी देण्याचे नसून त्या माणसाला लाज सोडून दवाखान्यापर्यंत नेण्याचे आहे.

क्षयरोगाचेही तसेच. औषध निदान सहा महिने घ्यावे लागते. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, आणि रोगी म्हणतो, "आता मला काय झालंय?" औषध बंद! पण उरलेले जंतू मेलेले नसतात. अर्धवट औषधाने ते निर्ढावतात आणि पुढच्या खेपेला नेहमीचे औषध त्यांना लागू पडत नाही. म्हणून कार्यकर्ता आठवड्यातून दोनदा त्याच दारात उभा राहतो. लोक कधी कधी वैतागतात. त्याला वैतागून चालत नाही.

संध्याकाळ अभ्यासिकेची. आठ बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, चूल आणि दूरदर्शनचा संच असताना दहावीचे गणित कोण सोडवणार? तेव्हा चार भिंती, एक दिवा आणि थोडी शांतता ही मोठी देणगी ठरते. रात्री वस्तीचे दुसरे रूप दिसते. पगाराच्या दिवशी दारूच्या गुत्त्यावर गर्दी होते आणि नंतर मारलेल्या बाईला घेऊन पोलीस चौकीत जाण्याची वेळ येते. हे काम दिवसाच्या वेळापत्रकात लिहिलेले नसते.

ज्या मुलांना घरच नाही त्यांचे काय? मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर गावाहून पळून आलेली मुले उतरतात. त्यांच्यासाठी येशूसंघीय धर्मगुरूंनी १९६२ साली अंधेरीत 'स्नेहसदन' सुरू केले. एका मोठ्या वसतिगृहात शेकडो मुले कोंबण्याऐवजी लहान लहान घरे, आणि प्रत्येक घरात आईबापाच्या जागी मोठी माणसे, ही तिथली रीत. पळालेल्या मुलाला शिस्तीच्या आधी घर हवे असते, हा त्यामागचा विचार.

आता त्या पेचाकडे येऊ. वस्तीतली माणसे, आणि तुमच्यापैकीही काही जण, मनात म्हणत असतील, "हे सारं खरं, पण शेवटी यांना आपला धर्म वाढवायचा आहे ना?" हा प्रश्न जुना आहे आणि तो विचारणे गैर नाही. सेवेच्या आडून धर्मांतर नको, असे गांधीजींनी मिशनऱ्यांना पुन्हा पुन्हा बजावले होते. जुन्या मध्य प्रांताच्या जागी आलेल्या मध्य प्रदेश राज्यात, नागपूर त्याची राजधानी असताना, न्यायमूर्ती नियोगी यांच्या समितीने १९५६ साली मिशनच्या कामावर कडक अहवाल दिला. दुसरीकडे आपल्या घटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य, काही मर्यादांसह, दिले आहे. परदेशातून येणाऱ्या पैशावर १९७६ पासून कायद्याची देखरेख आहे, आणि २०१० च्या कायद्याने ती अधिक घट्ट झाली. म्हणजे हिशेबाची वही हाही या माणसाच्या दिवसाचा एक भाग आहे.

या पेचातून वाट कशी काढायची? मॅनशार्ट यांनी नागपाड्यात आपली वाट ठरवली होती. शेजारघर सर्व धर्मांच्या लोकांसाठी, आणि तिथे येण्याची किंमत म्हणून कुणाला उपदेश ऐकावा लागणार नाही. तुम्हाआम्हाला कसोटी लावायची तर ती सोपी आहे. जो माणूस स्पष्ट सांगतो, "मला तुमची प्रार्थना नको", त्याला दुसऱ्या दिवशी गोळी मिळते की नाही? मिळत असेल तर ती सेवा. मिळत नसेल तर तो सौदा. ही कसोटी मिशनलाच नव्हे, कोणत्याही धर्माच्या आणि पक्षाच्या सेवेला लावून पाहावी.

नागपाड्याच्या कामातून आणखी एक गोष्ट निघाली. नुसत्या कळवळ्याने भागत नाही, हे काम शिकावे लागते, असे मॅनशार्ट यांना वाटे. सर दोराबजी टाटा ट्रस्टने ती कल्पना उचलली आणि १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था नागपाड्याच्या त्या शेजारघरातच सुरू झाली. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ साली तिला 'टाटा समाजविज्ञान संस्था' हे नाव मिळाले आणि १९५४ साली ती देवनारला आली. तिथल्या मुलामुलींना वर्गाबरोबर वस्तीतही शिकावे लागते. मिशनच्या एका खोलीतून निघालेली विद्या अशी सर्वांची झाली.

आता शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. उपनगरातल्या कार्यकर्त्याचा फार मोठा वेळ कागद मिळवण्यात जातो. कुटुंब रातोरात गाव सोडते आणि मुलाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, लसीचे कार्ड मागेच राहते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दाखल्यावाचून प्रवेश अडवता येत नाही, हे खरे. पण कायदा माहीत नसलेल्या बापाला पहिल्याच खिडकीवरून परत पाठवले जाते आणि तो पुन्हा जात नाही. तेव्हा तुमच्या शाळेतले एखादे घर मुंबईला निघाले आहे असे कळले, तर मुलाचे कागद त्याच दिवशी तयार करून आईच्या हाती द्या, आणि कायद्याची ही गोष्टही तिला सांगून ठेवा. कुणाचे क्षयाचे औषध चालू असेल तर औषधाचे कार्ड बरोबर न्यायला सांगा. तिकडे घाटकोपरच्या टेकडीवर कुणी सिस्टर किंवा ताई त्या दारात जाईल, तेव्हा तिला पहिल्या दिवसापासून काम सुरू करता येईल.