मेंदूतला साका दाखवणारा रेणू

अल्झायमरचं पक्कं निदान शवविच्छेदनाच्या टेबलावरच, ही स्थिती जवळपास शंभर वर्षं होती. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी ऑगस्टे डेटर या आपल्या मृत रुग्णाचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली घेतला, तेव्हा त्यांना पेशींबाहेर साचलेला साका आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता दिसला. साका अमायलॉइड बीटा या प्रथिनाचा आणि गुंता टाऊचा, हे पुढे उलगडलं. पण माणूस जिवंत असेपर्यंत डॉक्टरांच्या हाती स्मरणशक्तीच्या चाचण्या आणि घरच्यांनी सांगितलेली हकिकत एवढंच होतं.

ही कोंडी फोडली पिट्सबर्ग विद्यापीठातल्या विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी. अमायलॉइडला चिकटणारा थायोफ्लेविन टी हा पिवळा रंग प्रयोगशाळांत आधीपासून वापरात होता. पण त्याच्या रेणूवर धन प्रभार असल्यामुळे तो रक्तातून मेंदूत शिरत नाही. दोघांनी तो प्रभार घालवला, रेणूत फेरफार केले आणि त्यावर किरणोत्सारी कार्बन-११ बसवला. हाच 'पिट्सबर्ग कंपाउंड बी', म्हणजे पिब.

कार्बन-११ दर वीस मिनिटांनी निम्मा होतो. त्यामुळे तो तयार करणारा सायक्लोट्रॉन स्कॅनरच्या जवळच लागतो. शिशाच्या भिंतींआड तो रेणूला जोडायचा, औषध शुद्ध करायचं, तपासायचं आणि लगेच शिरेत टोचायचं. यात तासभर गेला तर हाती अष्टमांश उरतो. मेंदूत पोचलेल्या कार्बनमधून पॉझिट्रॉन निघतो, तो इलेक्ट्रॉनला भिडून दोन्ही नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण विरुद्ध दिशांना सुटतात. स्कॅनरचं डोक्याभोवतीचं कडं त्यांना एकाच क्षणी टिपतं. अशा लक्षावधी जोड्यांतून चित्र उभं राहतं.

माणसावरचा पहिला पिब स्कॅन २००२ मध्ये स्वीडनमधल्या उप्सालात झाला. तिथल्या चमूत हेन्री एंग्लर होते. उरुग्वेच्या लष्करी राजवटीत त्यांनी प्रदीर्घ एकांतवास भोगला होता आणि त्या काळात त्यांचं मानसिक संतुलनही ढळलं होतं. २००४ मध्ये सोळा रुग्ण आणि नऊ निरोगी व्यक्तींचे निष्कर्ष छापून आले. रुग्णांच्या मेंदूच्या पुढच्या भागात पिब जवळपास दुप्पट धरला गेला होता.

चित्र वाचायलाही सरावाची नजर लागते. हा पदार्थ मेंदूच्या पांढऱ्या भागाला साका नसतानाही थोडा धरून राहतो. म्हणून नुसती चमक दिसून भागत नाही. करड्या आणि पांढऱ्या भागांमधली सीमारेषा पुसली गेली आहे का, हे बघावं लागतं. आकडा काढताना बहुधा लहान मेंदूशी तुलना होते, कारण तिथे असा साका फारसा नसतो.

पुढे कार्बन-११ ऐवजी ११० मिनिटांनी निम्मा होणारा फ्लोरिन-१८ वापरात आला आणि सायक्लोट्रॉन नसलेल्या रुग्णालयांनाही दार उघडलं. अमेरिकेत २०१२ मध्ये साका दाखवणाऱ्या फ्लोरबेटापिरला आणि २०२० मध्ये टाऊ दाखवणाऱ्या फ्लोरटॉसिपिरला मान्यता मिळाली.

मात्र साका दिसला म्हणजे विस्मरण आलंच, असं नाही. ठणठणीत स्मृतीच्या अनेक वृद्धांच्या मेंदूतही तो सापडतो. लक्षणांशी टाऊचं नातं अधिक जवळचं आहे. लेकानेमॅब आणि डोनानेमॅब ही औषधं साका उपसतात आणि आजाराचा वेग काहीसा कमी करतात, पण गेलेली आठवण परत आणत नाहीत. ती कोणाला द्यायची हे ठरवताना साका आहे की नाही याचा पुरावा लागतो आणि तो स्कॅन देऊ शकतो. माणूस घरात कसा वागतो, काय विसरतो, हे मात्र आजही घरच्यांनाच विचारावं लागतं.